शेवंताबाई गाडीत आहेत

जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे गाड्यांना म्युझिक सिस्टीम बसवायचं माझं छोटंसं दुकान आहे. बावीस वर्षं मी हेच करतो. स्वभावाने मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. गिऱ्हाईक आत आलं आणि त्यानं ‘हितेंद्रभाऊ, जरा बेस वाढवा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. अहो, काचा थरथरतात, मागच्या नंबरप्लेटचे स्क्रू ढिले होतात, अजून किती वाढवू? पण दुकान चालवायचं असतं, म्हणून वाढवून देतो. आवाज कमी करून द्या म्हणणारा माणूस मला इतक्या वर्षांत एकच भेटला. निंबा उखर्डू पाटील त्याचं नाव.

धरणगावच्या पुढे चार किलोमीटरवर त्यांचं गाव. एसटीत ड्रायव्हर होते, एरंडोल डेपोला, एकतीस वर्षं. सगळे त्यांना निंबा नाना म्हणतात. अंगाने काटकुळे, मिशा बारीक कातरलेल्या, शर्टाच्या खिशात पेन आणि एक छोटी डायरी. खाकी सुटली तरी सवयी सुटल्या नव्हत्या. स्वतःच्या गाडीत बसण्याआधीही चारही चाकांना पायाने ठोकून बघायचे. बोलणं कमी, आणि कान असा की विचारू नका. एकदा ते दुकानात बसलेले असताना बाहेर एक जीप येऊन थांबली. नानांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “पुढलं डावं बेअरिंग गयं.” जीपवाला माझ्याशीच वाद घालत बसला, जसं काही ते मीच म्हणालो होतो. आठ दिवसांनी बेअरिंग बदलून आला आणि मग नानांचा पत्ता विचारायला लागला.

नानांनी रिटायर झाल्यावर गाडी घेतली ती सेकंडहॅन्ड, पण भलीमोठी. जळगावच्या एका सराफाची विदेशी कंपनीची सेडान होती. गावात सगळ्यांनी वेड्यात काढलं. मुलगा भूषण म्हणाला, नाना, आपल्या गल्लीत ही वळणार कशी? नानांनी ती पहिल्याच दिवशी एका दमात वळवून अंगणात उभी केली. एकतीस वर्षं बस वळवणाऱ्या माणसाला कोण शिकवणार?

गाडी कशासाठी घेतली, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. त्यांची बायको शेवंताबाई. लग्नापासून ती नानांच्या बसमधून माहेरी जायची, दवाखान्यात जायची, पण बसायची मागे तिसऱ्या ओळीत. ड्रायव्हरच्या डोक्यावर पाटी असायची, वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. ही बाई इतकी सरळ की ती पाटी तिने नवऱ्यालाही लागू केली. नाना आरशात तिच्याकडे बघायचे, ती खिडकीबाहेर बघायची. नव्या गाडीत ती पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली, गाडी वेशीबाहेर निघाली, तेव्हा तिने विचारलं, “आते बोलू का? आठे पाटी नही शे.” आणि धरणगाव ते पद्मालय ती जी बोलत सुटली, ती देवळाच्या पायरीपर्यंत थांबली नाही. हे सांगताना नाना हसत होते. मला नीट आठवतं, कारण त्यांना हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

शेवंताबाई गायची. गायिका वगैरे नव्हे. आमच्या खान्देशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवीची स्थापना, सगळी भाऊबंदकी एका घरी जमते, गव्हाचे रोट होतात, आणि बायका रात्रभर गाणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी नदीवर विसर्जन. ही गाणी कुठे लिहिलेली नसतात. कुणीतरी एक बाई पुढे लागते आणि बाकीच्या तिच्या मागून म्हणतात. त्या भाऊबंदकीत पुढे लागणारी बाई म्हणजे शेवंताबाई. देवीला माहेराहून आणण्याचं कोणतं, तिच्या वाटेत नदी लागते ते कोणतं, निरोपाचं कोणतं, हा सगळा क्रम तिच्या डोक्यात. आणि नानांचं दुर्दैव असं की कानबाईला गावोगावच्या लेकी-सुना निघायच्या, डेपोतून जादा गाड्या सुटायच्या, आणि नानांना सुट्टी कधीच मिळायची नाही. एकतीस वर्षं ते इतरांच्या बायकांना कानबाईला पोचवत राहिले. स्वतःच्या बायकोचं एकही गाणं त्यांनी अख्खं ऐकलं नव्हतं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एरंडोलच्या, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एका माणसाला हौस आली. त्याने शेवंताबाईला खोलीत एकटीला बसवून, पंखा बंद करून, चौदा गाणी रेकॉर्ड केली. तीन सीड्या निघाल्या. एक त्याच्याकडे राहिली, पुढे त्याने धंदा बंद केला आणि कुठे गेला कुणास ठाऊक. दुसरी सुरतेला मुलीकडे, डिंपलकडे गेली आणि घर बदलताना हरवली. तिसरी नानांच्या कपाटात होती. घरात सीडी वाजवायला काही नव्हतं. गाडी आली आणि तिच्यात सीडीची फट दिसली, तेव्हा नाना ती सीडी घेऊन शेवंताबाईसकट माझ्या दुकानात आले.

त्या गाडीचा प्लेअर म्हणजे काय सांगू! कंपनीतूनच बसवलेला. आत हार्ड डिस्क. एकदा सीडी टाकून बटण दाबलं की गाणी वाजता वाजता आत उतरतात. मी नानांना सगळं समजावलं. चौदा गाणी उतरायला तासभर लागला, आणि तो तासभर आम्ही तिघं गाडीत बसून ऐकत होतो. म्हणजे नाना ऐकत होते, शेवंताबाई तोंडावर पदर घेऊन लाजत होती, आणि मी दुकानात दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली असून उठलो नाही. तो आवाज गोड नव्हता. जाडसर, जरा फुटलेला, पण शब्द कसा तर हात धरून नेल्यासारखा. बेस नाही, काही नाही. नाना म्हणाले, “भाऊ, आवाज कमी करी दे. इतला जोरमा ती बोलत नही.”

मग नाव द्यायचं होतं. बटण फिरवून एकेक इंग्रजी अक्षर टाकायचं, आणि जागा आठच अक्षरांची. ‘शेवंता’ एवढंच बसलं, ‘बाई’ बसेना. नाना स्क्रीनकडे बघत राहिले. “नुसतं शेवंता तर मी बी कधी म्हनेल नही,” ते म्हणाले, आणि शेवंताबाई पदरातून खुदकन हसली.

तेव्हा मी एक वाक्य बोललो. ते वाक्य आता मला रोज चावतं. मी म्हणालो, “आता सीडी नसली तरी चालेल, नाना. गाडीतच आहे सगळं.”

तुम्ही म्हणाल, यात काय चुकलं? चुकलं हे की त्या वर्षी नानांच्या शेतात दादर होती. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. कणसं भरली की पाखरांच्या झुंडी उतरतात. मग लोक दोऱ्या बांधून त्यांना जुन्या सीड्या लटकवतात. उन्हात चकाकतात, वाऱ्याने फिरतात, पाखरं बिचकतात. शेजारपाजारच्या सगळ्या जुन्या सीड्या गोळा झाल्या, तरी बांधाकडच्या कोपऱ्याला एक कमी पडली. शेवंताबाईने स्वतः कपाटातून आपली सीडी आणली, जुन्या लुगड्याच्या काठाने बांधली आणि लटकवून दिली. नाना नको म्हणाले तर म्हणाली, “हितेंद्रभाऊनी सांगं ना, गाडीमा शे.” एवढा विश्वास माझ्या बोलण्यावर माझी बायकोसुद्धा ठेवत नाही.

त्यानंतर दोन कानबाया झाल्या. नाना घरी होते, दोन्ही वेळा ओट्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं. तिसरी यायच्या आधी, फाल्गुनात, शेवंताबाई चार दिवसांच्या तापाने गेली. दवाखान्यात नेलं ते याच गाडीतून. येताना मागच्या सीटवर आणली.

नानांनी मग गाडी बाहेर काढणंच सोडलं. पण रोज दुपारी चारला ते अंगणात जायचे, चारही चाकं ठोकून बघायचे, ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे, काचा वर करायचे आणि किल्ली अर्धी फिरवून चौदाही गाणी ऐकायचे. जळगावचा उन्हाळा, पंचेचाळीस डिग्री, आत भट्टी. सून नूतन चहा घेऊन काचेवर टकटक करायची, तेव्हा काच चार बोटं खाली यायची. ती मला म्हणाली, “भाऊ, आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. पण एरवी सगळं नीट करायचे. शेतात जायचे, हिशेबाने बोलायचे. फक्त चार ते पाच ते गाडीत असायचे.”

आता कुणी विचारेल, अरे, मोबाईलवर का नाही रेकॉर्ड करून घेतलं? सगळेच विचारतात. मीही स्वतःला विचारतो. कानबाईचे व्हिडिओ गावात ढीगभर आहेत, पण त्यात वीस बायका आणि ढोल, त्यातून एक आवाज वेगळा काढणार कसा? आणि गाडीतलं गाणं रोज वाजत होतं. अंगणातल्या नळाला पाणी आहे तोवर कोण हंडे भरून ठेवतो?

गाडी उभी ठेवून रोज तासभर गाणी ऐकली की बॅटरी किती टिकणार? जेठात एक दिवस बसली. भूषणने दुसऱ्या गाडीची वायर लावून कशीबशी चालू केली आणि माझ्याकडे आणली. नाना शेजारी. त्या दिवशी माझ्या दुकानात दोन बेसवाले आपसांत भांडत होते, कुणाची गाडी आधी घ्यायची म्हणून, आणि माझा पारा चढला होता. बॅटरी बदलताना मी नेहमी एक छोटी बॅटरी वायरने जोडून ठेवतो, म्हणजे गाडीतली वीज एक क्षणही तुटत नाही. ती छोटी बॅटरी मागच्या फळीवर होती. दहा पावलांवर. मी गेलो नाही. दोन मिनिटांचं काम म्हणून पाना लावला, तार काढली, नवी बॅटरी बसवली.

किल्ली फिरवली. स्क्रीन उजळली. तिच्यावर ‘कोड’ असा शब्द आणि चार आडव्या रेघा. बस.

चोरी होऊ नये म्हणून केलेली ती सोय. वीज तुटली की प्लेअर स्वतःला कुलूप लावून घेतो, चार आकड्यांचा कोड टाकल्याशिवाय उघडत नाही. दहा वेळा चुकलं की कायमचं बंद. मला हे माहीत होतं. म्हणून तर ती छोटी बॅटरी ठेवली होती. मी नानांकडे बघितलं नाही. नाना मात्र माझ्याकडे बघत होते, एखादा प्रवासी ड्रायव्हरकडे बघतो तसे, की हा माणूस आता गाडी काढीलच.

“काय व्हयनं, भाऊ?”

मी सांगितलं. चूक माझी आहे हेही सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “पन ती आत शे ना?”

“आहे, नाना. फक्त दार बंद आहे.”

मग सुरू झाली शोधाशोध. कोडचं कार्ड गाडीच्या पुस्तकात असतं, पुस्तक नव्हतं. सराफ वारलेले. त्यांच्या मुलांनी फोनवर सांगितलं, त्या गाडीचं आमच्याकडे काही नाही. कंपनीने भारतातून कधीच गाशा गुंडाळलेला. नाशिकला तिचं शोरूम होतं तिथे आता लग्नाचा हॉल आहे, मी स्वतः जाऊन पाहून आलो. परदेशातल्या ऑफिसला इंग्रजीतून पत्र लिहिलं, भाचीकडून तपासून घेतलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत, असं उत्तर आलं. दुसरं काही आलं नाही.

मध्येच भूषण शेतात जाऊन ती सीडी घेऊन आला. बांधावरच्या दोरीला अजून होती. तिचं चंदेरी पाठ सुटून गेलं होतं, आरपार उजेड दिसत होता. तरी मी वेड्यागत ती पुसून मशीनमध्ये टाकून बघितली. मशीनने ती बाहेर ढकलली.

आणि नानांनी घरी बसून स्वतःच्या मनाने चार वेळा आकडे टाकले. एकदा बिल्ला नंबर, एकदा लग्नाचं साल, एकदा रिटायर झाल्याचं, एकदा त्यांच्या शेवटच्या बसचा नंबर. मला कळलं तेव्हा मी त्यांच्यावर ओरडलो. एवढ्या मोठ्या माणसावर! “सहाच राहिले, नाना! हात लावू नका आता!” त्यांनी हात खिशात घातले आणि खरंच पुन्हा लावला नाही.

आषाढात मी प्लेअर काढून टेबलावर घेतला. मनात होतं, डिस्कच बाहेर काढू, कम्प्युटरला जोडू. वीज दिली आणि आतून आवाज आला. टक, टक, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक, टक. जळगावातच डिस्क दुरुस्त करणारा एक माणूस आहे, तोतारामभाऊ, माझ्याहून तापट. त्याने कानाला लावून ऐकली, उघडून बघितली आणि शांतपणे म्हणाला, “हितेंद्र, प्लेटवर ओरखडे आहेत. आत काही राहिलं नाही. कोड मिळाला तरी नाही.” उन्हाने झालं, वयाने झालं, की मी तार ओढली तेव्हा झालं, हे त्यालाही सांगता आलं नाही. मी तिन्हींचंही नाव घेतो, पण मनात एकच असतं.

मी डिस्क पुन्हा आत बसवली, प्लेअर गाडीत लावला आणि नानांना सांगितलं, “अजून बघतोय.”

आता मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं. दर आठवड्याला त्यांचा फोन यायचा, मी म्हणायचो बघतोय. खरं सांगायला तोंड उघडायचो आणि तिकडून त्यांचा आवाज यायचा, “घाई नही भाऊ, तुना सवडनं,” की मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवायचो. गिऱ्हाइकांना तोंडावर वाटेल ते ऐकवणारा मी, आणि ह्या एका माणसापुढे माझं काही चालत नव्हतं.

कानबाईला आठ दिवस राहिले असताना नाना गाडी घेऊन आले. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी गाडी चालवली होती. बरोबर नूतन, तिच्या मांडीवर नवी कोरी वही. नानांचा चेहरा उजळलेला.

“मियना, भाऊ! आकडा मियना!”

मी कोड शोधत पत्रं लिहीत होतो, आणि नाना काय करत होते? स्टँडवर जाऊन बसत होते. एसटीचा ड्रायव्हर म्हणजे त्याला जिल्ह्यातले सगळे ड्रायव्हर ओळखतात. ह्या स्टँडवरून त्या स्टँडवर निरोप गेला, की अमक्या सराफाच्या मोठ्या गाडीवर कोण ड्रायव्हर होता. दोन महिन्यांनी माणूस सापडला. जीवराम त्याचं नाव, आता पारोळ्याकडे असतो. दर उन्हाळ्यात त्या गाडीची बॅटरी काढून चार्जिंगला द्यावी लागायची आणि दर वेळी कोड हाच टाकायचा, त्यामुळे त्याला तोंडपाठ. नानांनी डायरी उघडून दाखवली. सात, दोन, शून्य, चार. खाली रेघ मारलेली.

नूतन म्हणाली, “यंदा कानबाई आमच्याकडे आहे, भाऊ. पुढे मलाच लागायचं आहे. सगळ्या जणी म्हणतात, तूच तिची सून. मला निम्मी गाणी येतात, क्रम येत नाही. आज सगळं ऐकून लिहून घेते. आणि मोबाईलही आणलाय, चार्ज करून.”

तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. नाना ड्रायव्हरच्या सीटवर बसले, मी शेजारी, नूतन मागे. त्यांनी काचा वर केल्या, किल्ली फिरवली. स्क्रीनवर चार रेघा. त्यांनी बोट पुढे केलं. सात. दोन. शून्य.

आणि बोट थांबलं.

इंजिन बंद होतं, आणि आत, डॅशबोर्डच्या मागे, आवाज चालू होता. टक, टक, टक.

नानांनी मान किंचित तिरकी केली. मग मागे न वळता म्हणाले, “नूतन, बेटा, समोरथून तीन चहा लई ये.” ती वही सीटवर ठेवून गेली. दार बंद झालं.

“हाई टकटक कितला दिनपासून शे?”

“कोणती टकटक?” मी म्हणालो.

“हितेंद्र.” पहिल्यांदाच त्यांनी ‘भाऊ’ लावलं नाही. “एकतीस वरीस मी गाडीना आवाज आयका. माले फसवू नको.”

मी सगळं सांगून टाकलं. टेबलावरचा आवाज, तोतारामभाऊ, ओरखडे. ती छोटी बॅटरी दहा पावलांवर होती हेही पुन्हा सांगितलं, कुणी विचारलं नसताना. मला रडू आलं. बावन्न वर्षांचा माणूस, स्वतःच्या दुकानासमोर, गिऱ्हाइकाच्या गाडीत.

नाना त्या चौथ्या रेघेकडे बघत होते. ती लुकलुकत होती.

“म्हंजे हाऊ दाबा, तरी ती नही.”

“नाही, नाना.”

“आनि नही दाबा तर?”

त्यांनी बोट मागे घेतलं. थोड्या वेळाने स्क्रीन आपोआप पहिल्यासारखी झाली, चार रिकाम्या रेघा. नूतन चहा घेऊन आली तेव्हा नाना तिला म्हणाले, “आकडा चुकना वं. जीवरामले बराबर याद नही. आते पाचच राह्यनात, वाया नको घालाले.”

तिचा चेहरा पडला. पण लगेच म्हणाली, “असू द्या, नाना. आई आत आहेत ना, पुढच्या वर्षी निघतील.”

नानांनी चहा प्यायला. मग म्हणाले, “लिख. मी सांगस.” आणि त्यांनी चौदाही गाणी सांगितली, क्रमाने, एकही शब्द न अडखळता. फाल्गुनापासून जेठापर्यंत रोज तासभर ऐकली होती ना. पण बायकांची गाणी, पुरुषाने म्हणायची नसतात, आणि नानांना चाल लावताही येत नव्हती. ते नुसते शब्द सांगत होते, सपाट, स्टँडवर कुणी थांबे पुकारावेत तसे. देवी माहेराहून निघते, नदी लागते, नावाडी येत नाही. मग म्हणायचे, “पुढं.” नूतन लिहीत होती. चाल कशी होती, असं तिने दोनदा विचारलं. नानांनी दोन्ही वेळा तोंड उघडलं आणि मिटलं.

कानबाईच्या रविवारी मला आमंत्रण होतं. रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात, म्हणून मला वेगळं ताट. पाटावर देवी बसली होती, नारळाला नथ, हिरव्या बांगड्या. ऊन उतरायच्या सुमारास बायका जमल्या आणि नूतन वही समोर ठेवून पुढे लागली. चांगली म्हणत होती. चाल मात्र अधूनमधून दुसरीकडेच जायची, म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि तरी तिच्या मागून म्हणायच्या.

गाडी अंगणातच होती, तोंड देवीकडे करून लावलेली. नूतनने लावायला सांगितली होती. गाणं थांबलं तेव्हा ती उठली, रोटाचा एक तुकडा वाटीत घेतला, गाडीजवळ गेली आणि खिडकीतून हात घालून वाटी डॅशबोर्डवर ठेवली, प्लेअरच्या बरोबर वर. “आई, गोड मानून घ्या,” म्हणाली आणि परत जाऊन बसली.

नाना आत होते, ड्रायव्हरच्या सीटवर. मी जवळ गेलो तशी त्यांनी मला शेजारी बसवलं. किल्ली फिरवलेली होती. चार रेघा उजळल्या होत्या, आणि बाहेरच्या गाण्याच्या खालून बारीक आवाज येत होता. टक, टक, टक.

“रोज आयकस,” नाना म्हणाले. “तिना आवाज तर गया. पन जठे तो व्हता, तठला हाऊ आवाज शे. इतलं तरी येस.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “हाई कितला दिन चाली, भाऊ?”

आवाजाच्या धंद्यात माझी बावीस वर्षं गेली. सहा महिने, दोन महिने, उद्या सकाळपर्यंत, मला काहीही माहीत नव्हतं.

“चालेल, नाना,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मी उतरलो, दार लावलं आणि त्यांनी काच वर घेतली.